तिसऱ्या खणातली लोकर

कड गुळगुळीत लागली.

झालं ते एवढंच. गुरुवार होता, दुपारचे तीन वाजून गेले होते, टायपिस्टच्या घरी बाहेरच्या खोलीत चौघीजणी आपापल्या खुर्च्यांत टेकल्या होत्या, आणि तिने नेहमीप्रमाणे तिसऱ्या खणातून नातीच्या स्वेटरची पाठ काढून मांडीवर पसरली होती. सुया हातात घेण्याआधी झालेल्या कामावरून एकदा अंगठा फिरवायचा, ही तिची जुनी खोड. खालच्या पट्टीपासून ती कड चाचपत वर आली. सगळं ओळखीचं होतं, गाठीगाठीचं, बारीक मणी ओवल्यासारखं. आणि मग अंगठा एकदम घसरला. चार बोटं रुंदीच्या तेवढ्या भागात गाठी नव्हत्या. तिथे साखळी होती, लांबट, नेटकी, एकात एक अडकलेली. ओळीचा पहिला टाका न विणता नुसता एका सुईवरून दुसरीवर सरकवून घेतला की कड अशी साखळीसारखी येते. विणून घेतला की गाठी येतात. शहाण्या बायका सरकवतात. तिची आई विणायची म्हणून ती विणत आली, पन्नास वर्षं, त्यावरून सगळ्यांची बोलणी खात. "तुझी कड बघितली की पायाच्या भेगा आठवतात," असं ट्रेसर म्हणायची. म्हणेना. पहिला टाका न विणता पुढे जायचं म्हणजे दारातल्या माणसाला ओलांडून आत शिरल्यासारखं तिला वाटे. तिने आयुष्यात एकदाही तो सरकवला नव्हता. मग ही चार बोटं कुणाची होती?

तिने मान वर केली नाही. नुसते डोळे वर केले. समोर टायपिस्ट मोज्याची टाच वळवत होती, ओठ हलत होते, टाके मोजत असावी. तिच्या बाजूला ट्रेसर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, काडीसारखी ताठ. खिडकीपाशी ऑपरेटर, जिला विणताना बोलल्याशिवाय आणि बोलताना विणल्याशिवाय राहवत नाही. खण अजून अर्धा उघडा होता. पाठ जिथे ठेवलेली होती तिथे शेजारी स्वेटरच्याच हिरव्या लोकरीचा एक लहानसा गुंडा पडला होता, आणि त्याची लोकर सरळ नव्हती. वेणी सोडल्यावर केसांना पडतात तशा बारीक वळ्या तिला पडलेल्या होत्या. उसवलेली लोकर. तिने ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून गुडघ्याने खण आत ढकलला.

"अगं अनुक्रमणिके," ऑपरेटर म्हणाली, "मी काय सांगत्येय? लक्ष कुठंय तुझं?"

"तुझ्या जावेच्या दातांपर्यंत आलीस," ती म्हणाली. "कवळी पाण्यात ठेवली आणि मांजराने पाडली."

"बघा! एक अक्षर सुटत नाही हिच्याकडून," ऑपरेटर म्हणाली, आणि हसली. तिघी हसल्या. पण ते हसू जरा लवकर आलं, असं तिला वाटलं. पाहुणा येणार म्हणून आधीच पाट मांडून ठेवावा, तसं ते हसू मांडून ठेवलेलं होतं.

बाकी तिघींना नकाशांच्या कार्यालयातल्या कामांचीच नावं चिकटली, ट्रेसर म्हणजे नकाशे गिरवणारी; तिला तिथे अनुक्रमणिका हे नाव पडलं. तिथे ती नकाशे ठेवण्याच्या खोलीत होती. बत्तीस वर्षं. तळमजल्यावरची लांबलचक खोली, उंचावर दोन खिडक्या, आणि भिंतीला लागून सपाट रुंद खणांची लोखंडी कपाटं. एकेका खणात शंभर-शंभर नकाशे आडवे पसरलेले. सूचीची जाडजूड वही टेबलावर असे, पण ती कुणी उघडत नसे. साहेब दारातूनच विचारायचे, "नदीकाठची जुनी पाहणी?" आणि ती मान न वळवता सांगायची, सातवं कपाट, चौथा खण, वरून विसावा. एकदा एका नव्या साहेबांनी खात्री करायला स्वतः मोजून पाहिलं. एकोणिसावा निघाला. साहेब विजयी मुद्रेने वळले तर ती म्हणाली, "वरचा एक काल तुम्हीच नेलाय, साहेब. परत आला नाही अजून." ती गोष्ट पुढे सगळ्या मजल्यांवर फिरली. तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटत नसे. ज्याचं नाक धारदार असतं त्याला वास येतात. तिच्या डोक्यात वस्तू जिथल्या तिथे राहत, एवढंच. नवरा गेला तेव्हासुद्धा, पंधरा माणसं घरात रडत असताना, डॉक्टरांचा कुठला कागद कुठल्या पिशवीत आहे ते तिलाच ठाऊक होतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिचं काळीज दगडाचं." दगडाचं नव्हतं. तिथेही खण होते, इतकंच.

विणायला बसण्याची पद्धत पाडली ती मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे हेडक्लार्क, अविवाहित, भारदस्त, चालताना किल्ल्यांचा आवाज यायचा. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, डबे आटोपले की, नकाशांच्या खोलीत, कारण तिथे शिपाईसुद्धा फिरकत नसे. आणि एकच नियम: काम घरी न्यायचं नाही. "घरी नेलं की ते घरचं काम होतं," मोठ्या बाई म्हणायच्या. "मग कुणीतरी म्हणणार, भात होईपर्यंत जरा विण. इथे कुणासाठी काही व्हायचं थांबलेलं नाही." म्हणून सगळ्यांची विणकामं रद्द झालेल्या नकाशांच्या खणांत राहू लागली. ज्या रस्त्यांचा मार्ग बदलला, जी गावं तळ्याखाली गेली, ज्यांना आता कुणी विचारणार नव्हतं अशा नकाशांवर अर्धवट बाह्या, गळे, मोजे आठवडाभर निजून असत. पुढे कार्यालय नव्या इमारतीत गेलं, कपाटं भंगारात निघाली, तेव्हा टायपिस्टने त्यातलं एक उचललं आणि हमालांकरवी घरी आणलं. दारातून आत जाईना म्हणून चौकट काढावी लागली. नवरा आठ दिवस बोलला नाही. ते कपाट आता इथे होतं. वरचा खण टायपिस्टचा, दुसरा ट्रेसरचा, तिसरा तिचा, चौथा ऑपरेटरचा. पाचवा मोठ्या बाईंचा. तो उघडत नसत.

म्हणजे आठवड्याचे सहा दिवस तिचं काम ह्या घरात असायचं, आणि ती नसायची. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण आज ती पहिल्यांदा तशी डोळ्यांपुढे आली, रिकाम्या खोलीत कुणीतरी दिवा लावावा तशी. बुधवारी, किंवा मंगळवारी, कधीतरी, टायपिस्ट हा खण ओढत असेल. चाकं कुरकुरत असतील. पाठ बाहेर काढून खिडकीपाशी धरत असेल, चुकचुकत असेल. मग सुई काढून घेणं. टाके उघडे पडणं. धागा ओढला की ओळ भर्रकन जाते, ज्याला तासभर लागला ते एका श्वासात. आणि मग पुन्हा टाके उचलून, जितक्या ओळी उसवल्या तितक्याच मोजून विणणं, हात जरा घट्ट ठेवून, कारण अनुक्रमणिकेचा हात घट्ट आहे. हे सगळं कसं करतात हे तिला बारीकसारीक तपशिलासकट माहीत होतं. माहीत असायलाच हवं होतं. ही रीत तिनेच बसवली होती.

मोठ्या बाई निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना चुकू लागल्या. पत्रांत नाही, हिशेबात नाही, बोलण्यात तर मुळीच नाही. तिथे त्या शेवटपर्यंत मोठ्या बाईच होत्या. चुकल्या त्या शालीत. राखाडी शाल, साधी जाळीची वीण, जी त्या डोळे मिटून विणत. एका गुरुवारी जाळी दोन बोटं सरकली. पुढच्या गुरुवारी मधेच वीस ओळी उलट्या. शाल मांडीवर घेऊन त्या शांतपणे विणत होत्या, किल्ल्या कमरेला, आणि सुयांखालून काहीतरी भलतंच बाहेर पडत होतं. माणूस नीट बोलत असावा आणि त्याची सावली वेडीवाकडी पडावी, तसं. बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलं. बाई गेल्यावर ऑपरेटर रडायलाच लागली. तेव्हा ती, अनुक्रमणिका, म्हणाली होती, "त्यांना कळता कामा नये." तिच्याकडेच खोलीची किल्ली होती. बुधवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, ती आणि टायपिस्ट शाल काढत, उसवत, पुन्हा विणत. मोठ्या बाईंचा हात सैल, म्हणून सुया सैल धरायच्या. मोठ्या बाईंचा टाका जरा डावीकडे झुकतो, म्हणून झुकवायचा. तिला त्यात मजा येऊ लागली होती, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याची सही हुबेहूब जमावी तशी मजा.

आणि मग तो गुरुवार. मोठ्या बाईंनी शाल मांडीवर पसरली, बराच वेळ तिच्यावरून तळवा फिरवला, आणि म्हणाल्या, "हे मी विणलं?"

उंच खिडकीतून पट्टीसारखं ऊन आत आलेलं होतं आणि त्यात लोकरीचे तंतू तरंगत होते. तेव्हा ती पुढे वाकली, हसली, आणि म्हणाली, "नाहीतर कुणी, बाई?"

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग त्यांनी सुया उचलल्या आणि विणू लागल्या. ती नजर तिने इतकी वर्षं जपून ठेवली होती, उपकार मानणारी नजर म्हणून. काळजाच्या कुठल्या खणात, वरून कितवी, ते तिला पाठ होतं. आज ती काढून बघितली तर दुसरंच काही निघालं. ती विहिरीत पडलेल्या माणसाची नजर होती. त्याने वर पाहावं, काठावरच्यांना हाक मारावी, आणि काठावरच्यांनी म्हणावं, कुठली विहीर? छान ऊन पडलंय.

"चहा ठेवू का?" टायपिस्टने विचारलं.

"जरा थांब, ही ओळ होऊ दे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच बरा वाटला. तिने ठरवलं होतं. ठरवलं म्हणण्यापेक्षा बोटांनीच ठरवलं. विचारायचं नाही. विचारलं की उत्तर काय येणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यापेक्षा पाहायचं. तिने पहिली चूक केली: ओळीच्या मधोमध सुलटाच्या जागी एक उलट टाका, गुळगुळीत भिंतीवर खिळ्याचं डोकं दिसावं तसा. दोन ओळींनंतर वेणीचा पीळ डावीकडे टाकायचा तो उजवीकडे टाकला. तिसरी चूक करायला मात्र मन धजेना. टाका मुद्दाम सोडायचा, म्हणजे चालताना मुद्दाम पाय घसरवायचा. तिने श्वास धरून तो सुईवरून खाली जाऊ दिला आणि पुढे विणत राहिली. मग पर्समधून छोटी पेन्सिल काढली, वाणसामानाच्या यादीचं एक चिठोरं फाडलं, आणि कार्यालयातल्यासारखं वर तारीख घालून लिहिलं. एक, दोन, तीन, आणि कुठली ओळ. चिठोरं घडी करून चष्म्याच्या डबीत, मखमलीच्या अस्तराखाली सारलं. तिथे आधीच काही कागद होते, डबी नीट मिटेना. पावत्या असतील. तिने ती दाबून मिटवली.

चहा झाला. ऑपरेटरने जावेची गोष्ट संपवली, की दुसरी काढली, ते काही ध्यानात राहिलं नाही. पुढे ऊन उतरलं होतं आणि ती सुनेच्या गाडीत बसलेली होती. सून न्यायला आली होती. दोन गल्ल्यांवर घर, न्यायला कशाला यावं लागतं? ती तसं म्हणालीही.

"ह्याच बाजूला काम होतं, आई," सून म्हणाली. रस्त्यावरून नजर न काढता.

घरी हात धुताना तिला दिसलं की डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक लालसर वळ उठलाय, दोरा गुंडाळून ओढल्यासारखा. आणि नखाच्या कडेला हिरवे तंतू. विणताना अंगठ्याला काही होत नाही, धागा तर्जनीवरून जातो. तिने तो वळ बराच वेळ पाण्याखाली धरला. मग चष्म्याच्या दांडीने लागलं असेल, असं ठरवून हात पुसले.

तो आठवडा विचित्र गेला. म्हणजे घरात काहीच झालं नाही, आणि तेच विचित्र होतं. मुलगा सकाळी कामाला जाताना तिच्या खोलीत डोकावून विचारी, "आज काय बेत, आई?" पूर्वी तो कधी बेत विचारत नसे. पूर्वी तो घाईत एका हाताने मोजे चढवत, दुसऱ्या हाताने काही शोधत, ओरडत असे, "आई, माझं घड्याळ कुठंय?" आणि ती स्वयंपाकघरातून सांगे, उशीखाली. आता घड्याळ त्याच्या मनगटावरच असे. आता कुणी तिला काही कुठे आहे म्हणून विचारत नव्हतं. तिने आठवून पाहिलं, शेवटचं कधी विचारलं होतं? आणि आठवण्याच्या जागी हात घातला तर तिथे खणाचं थंड लोखंड लागलं, रिकामं. ती चटकन मागे फिरली. जुन्याकडे गेली. सातवं कपाट, चौथा खण. नववं कपाट, पहिला खण, किनाऱ्याच्या पाहण्या, वरून अकरावा फाटका, चिकटपट्टी लावलेला. मोठ्या बाईंच्या किल्ल्या अकरा, त्यातल्या दोन कशाच्याच नव्हत्या. लग्नात सासऱ्यांच्या कोटाचं तिसरं बटण वेगळं होतं. सगळं जिथल्या तिथे होतं, लख्ख, पुसूनपासून ठेवलेलं. मग आपल्याला काही झालंय असं कोण म्हणेल? उलट त्या तिघीच चुकत असतील. टायपिस्टचे डोळे कधीपासून अधू आहेत. चुकून तिसरा खण उघडला असेल, आपलंच काम समजून चार बोटं विणली असतील. होतं असं. वयच आहे.

एका सकाळी ती तयार होऊन, पर्स घेऊन, दारापाशी बसली. सून चपला घालता घालता थबकली. "आई, आज मंगळवार आहे."

"माहितीय," ती म्हणाली. "पर्सचा बंद शिवला होता, टिकतो का ते बघत होते."

सुनेने मान डोलावली. फार हळुवार डोलावली. त्या हळुवारपणाचा तिला इतका संताप आला की तिने दुपारभर पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. उद्या बघाल, ती मनाशी म्हणाली. उद्या नव्हे, परवा. परवा मी चिठोरं काढेन, एक-दोन-तीन वाचेन, आणि त्या तिघींच्या तोंडाकडे बघेन. मी मोठ्या बाई नाही. मला हसून बोळवता यायचं नाही.

गुरुवार आला. टायपिस्टने दार उघडलं, हातातली पिशवी घेतली, "ये गं," म्हणाली, आणि नेहमीसारखंच खुर्चीवरचं मांजर उठवलं. ट्रेसर आणि ऑपरेटर आधीच आलेल्या होत्या. तिने तिसरा खण ओढला. पाठ काढली, मांडीवर घेतली, आणि पाहण्याआधी डोळे मिटून अंगठा फिरवला. मणी, मणी, मणी. मग साखळी. साखळी आता मोठी झाली होती, हाताच्या पंजाएवढी. डोळे उघडले. खिळ्याचं डोकं नव्हतं. वेणीचा पीळ डावीकडे होता, शहाण्या मुलीसारखा. सुटलेला टाका कुठे शोधूनही सापडेना. तिच्या छातीत काहीतरी हललं आणि तो चक्क आनंद होता. सापडल्या. चोर सापडल्याचा आनंद.

तिने चष्म्याची डबी उघडली आणि अस्तराखाली बोट घातलं. घडी केलेला कागद निघाला. तिने तो उलगडला. वर तारीख, खाली एक, दोन, तीन. पण चुका ह्या नव्हत्या. दोन टाके एकत्र, असं लिहिलं होतं. पट्टीत एक जास्त. अक्षर तिचं होतं, ट चा पाय लांब ओढलेला, पेन्सिल तीच, आणि तारीख दीड महिन्यापूर्वीची. तिने पुन्हा बोट घातलं. दुसरा निघाला. मग तिसरा, तो गेल्या गुरुवारचा, खिळा, पीळ, सुटलेला टाका. मग आणखी दोन. पाच झाले. खोलीत सुयांचा आवाज येत नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तो थांबून बराच वेळ झाला असावा. तिने वर पाहिलं. तिघींच्या सुया मांडीवर होत्या. तिघी तिच्याकडे पाहत होत्या. कुणी दचकलेलं नव्हतं. नाटकातल्या माणसांना पुढचं वाक्य कुणाचं ते ठाऊक असतं, तशा त्या बसल्या होत्या, आणि वाक्य तिचं होतं.

"माझं काम तुम्ही उसवता," ती म्हणाली. "माझ्यामागे. मोठ्या बाईंचं केलं तसं. मला हसून वाटेला लावू नका. चुकत असेन तर तोंडावर सांगा. आणि उसवायचंच असेल तर माझ्यासमोर उसवा, मी काय मेलेय?"

ऑपरेटरने नाकाला रुमाल लावला. ट्रेसर खिडकीबाहेर बघू लागली. टायपिस्ट उठली, मोढा ओढून तिच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, कार्यालयात कुणाची खरडपट्टी निघाली की बसायची तशी.

"समोरच उसवतो गं," टायपिस्ट म्हणाली.

"कधी?"

"गेल्या गुरुवारी. चहा झाल्यावर. तू असंच म्हणालीस, मी काय मेलेय का. बरोबर म्हणालीस. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून एकदाही तुझ्यामागे हात लावलेला नाही. मी ओढते, तू लोकर गुंडाळतेस. मग मी नव्या लोकरीने विणते आणि तू शेजारी बसून मला शिव्या देतेस, पहिला टाका सरकवते म्हणून."

"दर गुरुवारी देते," ट्रेसर खिडकीकडे बघत म्हणाली. "नवीन नवीन काढते. गेल्या वेळची तर मी लिहून ठेवलीय."

ऑपरेटर हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

"खोटं," ती म्हणाली.

"कागद उलटून बघ," टायपिस्ट म्हणाली.

तिने उलटला. मागच्या बाजूला, वांगी, साबण, काड्यापेटी ह्यांच्या आडवं, पेन्सिलने लिहिलं होतं: समोर उसवलं. गुंडा मी केला. ह्यांच्यावर रागावू नये. दुसरा उलटला. समोर उसवलं. गुंडा मी केला. ह्यांच्यावर रागावू नये. तिसऱ्यावर शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. ट चा पाय लांब ओढलेला. पण अक्षराचं काय? अक्षर उचलता येतं. मोठ्या बाईंचा सैल, डावीकडे झुकणारा टाका तिने स्वतः दोन वर्षं उचलला होता, इतका हुबेहूब की बाईंना स्वतःच्या हाताचा भरवसा राहिला नव्हता. जे हातांना जमतं ते पेन्सिलीला जमणार नाही? ह्या तिघी काय कमी आहेत? एक तर आयुष्यभर दुसऱ्याच्या रेघांवरून रेघा ओढत आलेली. तिने तिघींच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, आणि किती जुने चेहरे हे, तरी त्यांत एक अशी जागा होती जिथे तिला शिरता येत नव्हतं. तिथे सहा-सात गुरुवार होते. त्या तिघींकडे होते, तिच्याकडे नव्हते. तिचे गुरुवार ह्यांच्या खणात ठेवलेले होते, आणि किल्ली ह्यांच्याकडे होती.

खण उघडाच होता. हिरवा गुंडा तिथे होता, गेल्या वेळेपेक्षा जरा मोठा. तिने वाकून तो उचलला. हलका, वळ्यावळ्यांचा, हाताला किंचित खरखरीत. दुकानात करतात तसा गोळा नव्हता, ऑपरेटर करते तसा लांबोडा भोपळाही नव्हता. तिची आई अंगठा आत धरून गुंडाळायची. वीस वेढे झाले की कूस बदलायची, पुन्हा वीस, आणि सरतेशेवटी अंगठा काढून घेतला की मधे एक भोक राही. त्या भोकातून सुरुवातीचं टोक बाहेर डोकावे, म्हणजे विणताना गुंडा घरभर पळत नाही, जागच्या जागी बसून आतून सुटत राहतो. आईने हे दुसऱ्या कुणाला शिकवलं नव्हतं. तिने स्वतःही कुणाला शिकवलं नव्हतं. दोनदा मुलीला शिकवायला बसली, मुलगी कंटाळून उठून गेली.

भोक होतं. टोक डोकावत होतं.

तिने डावा अंगठा पुढे केला. मुळाशी लाल वळ अजून फिकटसा दिसत होता. तिघी पाहत होत्या. अंगठा आत गेला. पहिल्या पेरापर्यंत, मग दुसऱ्या. सैलही झाला नाही आणि अडलाही नाही.

"चहा ठेवते," टायपिस्ट म्हणाली, आणि जागची हलली नाही.